सेनासाहेबसुभा

सेनासाहेबसुभा : मराठी राज्यातील एक लष्करी व मुलकी अधिकारपद आणि नागपूरकर भोसले घराण्यात वंशपरंपरेने चालत आलेला किताब. अठराव्या शतकाच्या आरंभी परसोजी भोसले याच्यापासून हे पद या घराण्यात स्थिर झाले आणि रघूजी तिसरा याच्या कारकीर्दीत १८२६ च्या तहाने ते औपचारिक रीत्या संपुष्टात आले. या सव्वाशे वर्षांत पदाचा वारसा बापाकडून मुलाकडे सरळपणे फार थोड्या वेळा गेला. बहुतेक वेळी चुलते-पुतणे, सख्खे-सावत्र भाऊ वा दत्तक पुत्र यांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला आणि त्याचा निर्णय घराण्याबाहेरच्या सत्तेने केला. ही सत्ता प्रथम सातारच्या छत्रपतींची, पुढे पुण्याच्या पेशव्यांची व अखेर ईस्ट इंडिया कंपनीची होती. त्यामुळे या पदाच्या वारशाचा इतिहास हा एका घराण्याच्या भाऊबंदकीचा इतिहास तर आहेच. पण मराठी राज्यातील सार्वभौमत्व कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, याचेही ते एक विश्वसनीय गमक आहे.

पदाचे स्वरूप : मराठी राज्यात वतन, इनाम आणि सरंजाम असे हक्कांचे तीन प्रमुख प्रकार होते. देशमुखी, पाटिलकी यांसारखी वतने ही वारसांकडे आपोआप जाणारी आणि विभागणीस पात्र अशी कौटुंबिक मिळकत मानली जात असे. इनाम हे देणगीच्या स्वरूपाचे असून सनदेतील शर्तींप्रमाणे ते वंशपरंपरा चाले. सरंजाम मात्र लष्करी चाकरीच्या मोबदल्यात मिळत असे. तत्त्वतः तो धारकाच्या हयातीपुरता असून त्याच्या मृत्यूनंतर राज्यकर्त्याने तो पुन्हा बहाल करावा लागे. सेनासाहेबसुभा हे पद या तिसऱ्या वर्गात मोडते. पदधारकाने ठराविक फौज बाळगावी, आपल्याकडे सोपविलेल्या प्रांतातील चौथाई व अन्य हक्क वसूल करावेत आणि स्वारीच्या वेळी हुजुरात हजर व्हावे, अशी अपेक्षा असे. ‘सेनासाहेब’ या शब्दाने फौजेवरील अधिकार, तर ‘सुभा’ या शब्दाने प्रांतावरील अधिकार सूचित होतो. मानाच्या क्रमात हे पद अष्टप्रधानांतील सेनापतीच्या खालचे होते.

पदावर नेमणूक झाल्याची खूण म्हणजे वस्त्रे. वस्त्रांबरोबर सनद व अधिकाराची मानचिन्हे दिली जात आणि नव्या पदधारकाने नजराणा द्यावा, असा संकेत होता. वारस ठरविणे हे घराण्याचे काम आणि वस्त्रे देणे हे धन्याचे काम, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. घराण्यात एकमत असेल, तर वस्त्रे हा केवळ उपचार उरे. एकमत नसेल, तर मात्र वस्त्रे देणाऱ्याचा शब्द निर्णायक ठरे आणि नजराण्याची रक्कमही त्या प्रमाणात वाढे.

असा अनुभव केवळ नागपूरकरांचा नव्हता. कान्होजी आंग्रे याच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्रांत कलह माजला, तेव्हा १७३५ मध्ये पहिल्या बाजीरावाने संभाजी आंग्रे याच्याकडे ‘सरखेल’ हा किताब ठेवला व मानाजीस ‘वजारतमाब’ असा वेगळा किताब देऊन घराण्याचे दोन भाग केले. बडोद्याच्या गायकवाडांत दमाजीच्या मृत्यूनंतर (१७६८) ‘सेनाखासखेल’ या किताबासाठी तंटा झाला. त्यात पुणे दरबाराने प्रथम गोविंदरावाचा हक्क मान्य केला व १७७१ मध्ये तो निर्णय फिरवून सयाजीरावाच्या बाजूने कौल दिला. मोठ्या सरदार घराण्यांचा वारसा हे मध्यवर्ती सत्तेच्या हातातील एक प्रभावी साधन होते, हे यावरून दिसून येते.

परसोजी ते पहिला रघूजी : नागपूरकर भोसले हे मूळचे पुणे प्रांतातील असून त्यांना हिंगणीकर भोसले असेही म्हणतात. छत्रपती राजारामांच्या काळात मोगलांशी चाललेल्या लढ्यात या घराण्यातील परसोजीने वऱ्हाड व गोंडवन या भागांत पराक्रम गाजविला होता. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले, तेव्हा त्यांना सर्वप्रथम येऊन मिळालेल्या सरदारांत परसोजी होता. आलेली व्यक्ती खरोखर संभाजीपुत्र शाहूच आहे की कोणी तोतया, अशी शंका ताराबाईच्या पक्षाकडून घेतली जात असता परसोजीने शाहूंबरोबर एका ताटात भोजन करून ती दूर केली, अशी आख्यायिका आहे. शाहूंनी सेनासाहेबसुभा हे पद व वऱ्हाड-गोंडवनातील हक्क परसोजीकडे कायम केले. पुढे सातारा दरबारात भोसल्यांना जे विशेष स्थान लाभले, त्याचा पाया या आरंभीच्या निष्ठेत होता.

परसोजी १७०९ मध्ये मरण पावला व त्याचा पुत्र कान्होजी पदावर आला. त्याने यवतमाळ भागातील भाम येथे आपले ठाणे केले. बराच काळ पुत्र नसल्यामुळे त्याने रघूजी या चुलत पुतण्यास जवळ बाळगले होते; परंतु पुढे कान्होजीस रायाजी हा पुत्र झाला आणि रघूजीचे स्थान डळमळीत झाले. रघूजीने घर सोडले आणि काही काळ देवगडचा गोंड राजा चांद सुलतान व एलिचपूरचा नबाब यांच्या पदरी चाकरी करून तो अखेर साताऱ्यास शाहूंकडे आला. शाहूंनी आपल्या राणीच्या नात्यातील मुलीशी त्याचा विवाह करून दिला. त्यामुळे तो छत्रपतींचा साडू झाला. उलटपक्षी कान्होजी हिशेब देण्यास व आज्ञा पाळण्यास टाळाटाळ करीत होता. १७३० च्या सुमारास शाहूंनी रघूजीस त्याच्यावर पाठविले. वणीजवळ मंदर येथे कान्होजी पकडला गेला व पुढे साताऱ्यास कैदेत मरण पावला. सेनासाहेबसुभा हे पद रघूजीकडे आले.

या घटनेचे महत्त्व पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने मोठे आहे. पदधारक जिवंत असताना व त्याला औरस पुत्र असताना छत्रपतींनी ते पद काढून घेऊन त्याच घराण्यातील दुसऱ्या शाखेस दिले. पद घराण्याचे असले, तरी घराण्यातील कोणाचे, हे ठरविण्याचा अधिकार धन्याचा आहे, हे तत्त्व येथे स्पष्टपणे अमलात आले आणि ज्या शाखेला त्याचा लाभ झाला, तिलाच पुढे त्याचे परिणाम भोगावे लागले.

पहिल्या रघूजीने (कार. १७५५ पर्यंत) या पदाला राज्याचे स्वरूप दिले. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर देवगडच्या गादीविषयी निर्माण झालेल्या कलहात मध्यस्थ म्हणून तो गेला. राणीच्या साहाय्यार्थ केलेल्या कामगिरीबद्दल त्याला राज्याचा काही भाग मिळाला आणि पुढे १७४३ च्या सुमारास नागपूरसह संपूर्ण राज्याचा कारभार त्याने आपल्या हाती घेतला. मात्र गोंड राजा बुऱ्हाणशाह याला त्याने पदच्युत केले नाही. नामधारी राजा म्हणून त्याला तनखा देऊन नागपुरातच ठेवण्यात आले आणि भोसल्यांच्या गादीवर येणाऱ्या पुरुषास गोंड राजाने टिळा लावावा, असा प्रघात पडला. अशा प्रकारे नागपूरच्या सत्तेला दोन अधिष्ठाने लाभली. साताऱ्याच्या दृष्टीने भोसले हे छत्रपतींचे सेनासाहेबसुभा होते, तर स्थानिक प्रजेच्या दृष्टीने ते गोंड राजांचे उत्तराधिकारी होते.

बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांवरील स्वाऱ्यांमुळे रघूजी व पेशवा बाळाजी बाजीराव यांच्यात संघर्ष उद्‌भवला. १७४३ मध्ये शाहूंनी दोघांस साताऱ्यास बोलावून त्यांची कार्यक्षेत्रे ठरवून दिली व पूर्वेकडील प्रांत रघूजीकडे सोपविले. भास्करराम कोल्हटकर या त्याच्या सेनानीचा १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने विश्वासघाताने वध करविला, तरीही स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने ओरिसाचा ताबा आणि बंगाल-बिहारच्या चौथाईबद्दल दरसाल १२ लाख रुपये भोसल्यांस मिळाले. दोन तुल्यबळ सरदारांत निवाडा करणारे छत्रपती शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजी निवर्तले. त्यानंतर मराठी राज्याची सूत्रे पेशव्यांच्या हाती गेली आणि नागपूरच्या वारशाचा निवाडाही त्यांच्याच हाती गेला.

रघूजीच्या पुत्रांतील तंटा : १४ फेब्रुवारी १७५५ रोजी रघूजी मरण पावला. त्याला चार पुत्र होते. जानोजी व साबाजी हे धाकट्या राणीचे, तर मुधोजी व बिंबाजी हे थोरल्या राणीचे पुत्र होते. वयाने जानोजी सर्वांत मोठा होता. परंतु आपण थोरल्या राणीचे पुत्र असल्याने पदावर आपलाच हक्क पोहोचतो, असे मुधोजीचे म्हणणे होते. वयाचे ज्येष्ठत्व मानावे की मातेचे, या प्रश्नाला रूढीत निश्चित उत्तर नव्हते. दोन्ही पक्षांनी पुण्यास धाव घेतली.

पेशव्याने दिलेला निवाडा मुत्सद्दीपणाचा होता. सेनासाहेबसुभा हे पद जानोजीस देण्यात आले. मुधोजीस ‘सेनाधुरंधर’ असा नवा किताब व चांदा (चंद्रपूर) प्रांत मिळाला. बिंबाजीकडे छत्तीसगडातील रतनपूर आणि साबाजीकडे वऱ्हाडातील दारव्हा हे भाग आले. पद अविभाज्य ठेवून प्रांताची वाटणी करण्याच्या या पद्धतीमुळे रक्तपात तात्पुरता टळला; परंतु प्रत्येक भावाकडे स्वतःची फौज व स्वतःचा वसूल राहिला. नागपूरच्या सत्तेची एकजूट यामुळे कायमची कमकुवत झाली आणि जानोजीवर नजराण्याचा बोजाही पडला. ही वाटणी पुणे दरबाराच्या सोयीची होती, हे उघड आहे.

जानोजीचे धोरण पुढे सतत डळमळत राहिले. १७६३ मध्ये तो निजामाच्या पक्षास मिळाला आणि पुण्याच्या लुटीत सहभागी झाला. परंतु त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईपूर्वी (१० ऑगस्ट १७६३) तो पेशव्यांकडे वळला. पुढे रघुनाथरावास साहाय्य केल्याच्या कारणावरून माधवरावाने त्याच्यावर स्वारी केली. मार्च १७६९ मध्ये झालेल्या कनकापूरच्या तहाने जानोजीने दरसाल सुमारे पाच लाख रुपये देण्याचे, परवानगीशिवाय फौज वाढवू वा घटवू न देण्याचे आणि परसत्तांशी स्वतंत्र बोलणी न करण्याचे मान्य केले. शाहूंच्या काळात पेशव्यांचा प्रतिस्पर्धी असलेला सेनासाहेबसुभा आता कागदोपत्री त्यांचा ताबेदार बनला.

दत्तविधान व पाचगावची लढाई : जानोजीला पुत्र नव्हता. त्याने मुधोजीचा पुत्र रघूजी यास दत्तक घेण्याचे ठरविले. हा निर्णय शहाणपणाचा होता. मुधोजीचा जुना दावा त्याच्या मुलाच्या रूपाने पूर्ण होणार होता व दोन शाखांतील वैर मिटणार होते. या दत्तकास मान्यता मिळविण्यासाठी जानोजी १७७२ मध्ये स्वतः पेशव्याकडे गेला. माधवराव त्या वेळी क्षयाने आजारी होता. त्याची संमती घेऊन परतत असता मे १७७२ मध्ये तुळजापूर भागात जानोजी मरण पावला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये माधवरावही निवर्तला. दत्तक घेणारा व त्याला संमती देणारा असे दोघेही एका वर्षात नाहीसे झाल्यामुळे व्यवस्थेचा आधारच निखळला.

जानोजीची विधवा दर्याबाई हिने साबाजीचा पक्ष घेतला आणि साबाजीने नागपूरचा कारभार हाती घेतला. मुधोजीने आपल्या मुलाचा दत्तकहक्क पुढे केला. पुण्यात या काळात नारायणरावाचा खून (३० ऑगस्ट १७७३), रघुनाथरावाची अल्पकालीन पेशवाई व बारभाईंचे कारस्थान अशा घटना वेगाने घडत होत्या. मुधोजी रघुनाथरावाकडे झुकला, तर साबाजीला बारभाईंचे पाठबळ मिळाले आणि पुण्यातील सत्ताबदलाप्रमाणे नागपूरच्या वस्त्रांचाही कल बदलत राहिला. वस्त्रे देणारी सत्ताच दुभंगली असता वस्त्रांनी वारस ठरणे शक्य नव्हते. अखेर २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरच्या दक्षिणेस पाचगाव येथे दोघा भावांची गाठ पडली. लढाईचे पारडे साबाजीच्या बाजूला झुकत असता त्याने आपला हत्ती मुधोजीच्या हत्तीवर घातला. त्या वेळी मुधोजीने झाडलेल्या गोळीने साबाजी ठार झाला. रघूजी सेनासाहेबसुभा झाला आणि त्याच्या नावाने मुधोजीने १७८८ पर्यंत कारभार पाहिला. पुणे दरबाराने घडलेल्या गोष्टीस मान्यता दिली.

पाचगावच्या लढाईने वारशाचा प्रश्न सुटला. पण तो निवाड्याने नव्हे, तर भावाच्या हातून भावाचा वध होऊन सुटला. त्याचबरोबर एक गोष्ट निश्चित झाली : पूर्वसंमतीने झालेले दत्तविधान हा या पदाच्या वारशाचा वैध मार्ग आहे, हे सर्वमान्य झाले. ऐंशी वर्षांनी हाच मुद्दा पुन्हा उपस्थित व्हावयाचा होता.

दुसरा रघूजी : दुसऱ्या रघूजीच्या कारकीर्दीत (मृ. २२ मार्च १८१६) नागपूरचे राज्य प्रथम कळसास पोहोचले व नंतर त्याचा संकोच झाला. मुधोजीच्या काळातच पेशव्यांशी झालेल्या करारान्वये मंडला व नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील प्रदेश मिळविण्यात आला होता. १७९६ नंतर होशंगाबाद व सागर-दमोह या बाजूंसही विस्तार झाला. परंतु दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धात असई (२३ सप्टेंबर १८०३) व अडगाव (२९ नोव्हेंबर १८०३) येथे पराभव झाला आणि गाविलगड पडल्यावर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह करणे भाग पडले. या तहाने कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड गेले आणि नागपुरात इंग्रज रेसिडेंट आला. घराण्यातील वाटणीची परंपरा याही पिढीत चालू होती. रघूजीचा धाकटा भाऊ व्यंकोजी याच्याकडे सेनाधुरंधर हा किताब व चांदा-छत्तीसगडचा कारभार होता. तो १८११ मध्ये काशी येथे मरण पावला. त्याचा पुत्र मुधोजी हाच पुढे आप्पासाहेब या नावाने प्रसिद्धीस आला.

परसोजी व आप्पासाहेब : रघूजीचा पुत्र परसोजी हा शरीराने पंगू व बुद्धीने दुर्बळ होता. पदावर त्याचाच हक्क होता, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो त्याच्या नावाने कारभार कोणी करावा याचा. रघूजीची विधवा बाकाबाई व तिचा पक्ष यांच्याविरुद्ध आप्पासाहेबाने रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्झ याचा पाठिंबा मिळविला व त्याच्या मोबदल्यात मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह केला. दुसऱ्या रघूजीने आपल्या हयातीत या तहास सातत्याने नकार दिला होता. जे युद्धातील पराभवाने साधले नव्हते, ते वारशाच्या वादाने साधले. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी अंथरुणात मृतावस्थेत आढळला आणि आप्पासाहेब गादीवर आला. परसोजीचा खून झाला होता व त्यामागे आप्पासाहेबाचा हात होता, हे पुढे उघडकीस आले.

यानंतरच्या घटनांत वस्त्रांचा प्रश्न निर्णायक ठरला. जून १८१७ च्या पुणे तहाने दुसऱ्या बाजीरावास मराठी राज्यमंडळाच्या प्रमुखत्वावरील आपला हक्क सोडावा लागला होता. म्हणजेच सरदारांना वस्त्रे पाठविण्याचा त्याचा अधिकार कंपनीच्या दृष्टीने संपला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशवा व इंग्रज यांच्यात युद्धाला तोंड लागले. तरीही त्याने आप्पासाहेबाकडे सेनापतिपदाची वस्त्रे पाठविली आणि जेंकिन्झचा विरोध असतानाही २४ नोव्हेंबर रोजी आप्पासाहेबाने ती समारंभपूर्वक स्वीकारली. जो विधी पूर्वी वारशाची नोंद करण्यापुरता होता, तो आता आपला धनी पुण्यास आहे, कलकत्त्यास नाही, याची जाहीर घोषणा ठरला. २६ व २७ नोव्हेंबर रोजी सीताबर्डी येथे लढाई होऊन आप्पासाहेबाच्या फौजेचा पराभव झाला. डिसेंबरात नागपूर इंग्रजांच्या ताब्यात गेले. जानेवारी १८१८ मध्ये कडक अटींवर त्याला पुन्हा गादीवर ठेवण्यात आले. परंतु पेशव्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून मार्चमध्ये त्याला अटक झाली. अलाहाबादकडे नेले जात असता मे १८१८ मध्ये तो निसटला. महादेवाच्या डोंगरांतील गोंडांच्या आश्रयाने त्याने काही काळ प्रतिकार केला व पुढे ठिकठिकाणी आश्रय घेत तो जोधपूर संस्थानात गेला. तेथेच १८४० मध्ये त्याचा अंत झाला.

तिसरा रघूजी व १८२६ चा तह : आप्पासाहेबाच्या पदच्युतीनंतर पुरुषवंशातील जवळचा वारस उरला नाही. तेव्हा दुसऱ्या रघूजीच्या मुलीचा मुलगा बाजीबा (गुजर) यास परसोजीच्या विधवेने दत्तक घेतले आणि जून १८१८ मध्ये तिसरा रघूजी या नावाने त्याला गादीवर बसविण्यात आले. तो अल्पवयी असल्याने राजवाड्याची व्यवस्था बाकाबाईकडे व राज्याचा कारभार १८२६ पर्यंत जेंकिन्झकडे होता. येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. हे दत्तविधान पतीच्या मृत्यूनंतर विधवेने केलेले होते आणि वारस कन्येच्या वंशातील होता. दोन्ही बाबतींत कंपनीने हरकत घेतली नाही, कारण ही व्यवस्था तिच्याच संमतीने व सोयीने झाली होती.

१ डिसेंबर १८२६ रोजी तिसऱ्या रघूजीशी तह करून त्याला मर्यादित अधिकार देण्यात आले. या तहान्वये त्याने सातारच्या राजांवरील व अन्य मराठी सत्तांवरील सर्व प्रकारचे अवलंबित्व, त्यांच्याशी निगडित असलेले विधी आणि सेनासाहेबसुभा म्हणून मराठी राज्यातील आपले स्थान यांचा त्याग केला. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह या वेळी स्वतःच कंपनीच्या छायेखाली होते आणि पेशवाई आठ वर्षांपूर्वीच संपली होती. तरीही कंपनीला हे कलम आवश्यक वाटले, यावरून किताबामागील कल्पनेचे सामर्थ्य कळून येते. हा किताब जोवर होता, तोवर नागपूरच्या राज्याला कंपनीपूर्वीचा उगम व स्वतंत्र आधार होता. किताब सोडताच ते राज्य केवळ तहाच्या आधारावर उभे राहिले.

संस्थान खालसा : ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघूजी निपुत्रिक मरण पावला. त्याने हयातीत दत्तक घेतला नव्हता. बाकाबाई व राण्यांनी घराण्याच्या नात्यातील यशवंतराव अहिरराव यास दत्तक घेऊन त्याचे नाव जानोजी ठेवले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने हे दत्तविधान मान्य केले नाही. नागपूरचे राज्य १८१७-१८ मध्ये जिंकल्याने कंपनीचे झाले होते. रघूजीला ते नव्याने दिलेले दान होते आणि दान घेणाऱ्याचा वंश खुंटताच ते दात्याकडे परत आले, असा त्याचा युक्तिवाद होता. वऱ्हाड-नागपूर भागातील कापसाचे इंग्लंडच्या दृष्टीने असलेले महत्त्वही त्याने आपल्या टिपणात नमूद केले. त्याच्या कौन्सिलातील कर्नल जॉन लो याने या निर्णयास विरोध दर्शविला. पण तो मान्य झाला नाही. १८५४ च्या प्रारंभी संस्थान खालसा करण्यात आले. साताऱ्यानंतर (१८४८) आणि झाशीच्या बरोबरीने घडलेली ही घटना डलहौसीच्या धोरणाचे सर्वांत मोठे उदाहरण ठरली, कारण या धोरणाखाली गेलेल्या राज्यांत नागपूर हे विस्ताराने सर्वांत मोठे होते.

यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल आदींचा लिलाव झाला आणि जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीसाठी नेण्यात आले. राजवाड्यातील स्त्रियांसाठी तनखे नेमण्यात आले, तथापि या लिलावाची जखम जनमानसात दीर्घकाळ राहिली. १८५७ च्या उठावात वृद्ध बाकाबाईने आपल्या लोकांना इंग्रजांविरुद्ध उठू दिले नाही. या वर्तनाची दखल पुढे घेण्यात आली. १८६१ च्या सुमारास दत्तक पुत्र जानोजी यास ‘देऊरचे राजेबहाद्दर’ असा वंशपरंपरागत किताब मिळाला. देऊर हे सातारा जिल्ह्यातील (कोरेगाव तालुका) गाव असून ते घराण्याला छत्रपतींकडून मिळालेले जुने इनाम होते. नागपूरचे राज्य परत मिळाले नाही. मात्र जे दत्तविधान राज्यासाठी अग्राह्य ठरले होते, तेच एका गावाच्या किताबासाठी ग्राह्य मानण्यात आले. पुढे १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, त्या वेळी नागपूर हे संस्थानच उरले नव्हते.

समालोचन : सेनासाहेबसुभा या पदावर किंवा त्याच्या दाव्यावर आलेल्या पुरुषांचा क्रम परसोजी, कान्होजी, पहिला रघूजी, जानोजी, साबाजी (वादग्रस्त), दुसरा रघूजी, दुसरा परसोजी, आप्पासाहेब व तिसरा रघूजी असा आहे. यांपैकी पित्याकडून औरस पुत्राकडे वारसा निर्वेधपणे केवळ परसोजीकडून कान्होजीकडे गेला. जानोजीला सावत्र भावाशी झगडावे लागले आणि दुसरा परसोजी वर्षभरही टिकला नाही. उरलेल्यांपैकी पहिला रघूजी धन्याच्या आज्ञेने, साबाजी भाऊपणाच्या बळावर, दुसरा व तिसरा रघूजी दत्तविधानाने आणि आप्पासाहेब चुलतभावाच्या खुनानंतर पदावर आला.

या अस्थिरतेचे कारण केवळ व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षेत शोधणे पुरेसे नाही. सरंजाम तत्त्वतः हयातीपुरता व व्यवहारात वंशपरंपरागत, अशी ही व्यवस्था होती. ज्येष्ठत्वाचा निश्चित नियम नव्हता आणि निवाड्याचा अधिकार अशा सत्तेकडे होता, जिचा घराण्याच्या दुर्बलतेत लाभ होता. छत्रपती शाहूंच्या काळी या अधिकाराचा वापर दरबारातील समतोल राखण्यासाठी झाला. पेशव्यांनी तो नजराणा व नियंत्रण यांसाठी वापरला; पण निवाडा कोणताही झाला, तरी पद भोसल्यांच्याच घराण्यात राहिले. दत्तकास संमती मागावी लागे. मात्र ती मिळण्यास विलंब लागला, तरी अखेर मिळत असे. कंपनीने संमतीचा हा जुना संकेत उचलला आणि नकार देण्याच्या पूर्ण अधिकारात त्याचे रूपांतर केले. जुन्या पद्धतीत धनी वारस बदलू शके, वारसा नष्ट करीत नसे. नव्या व्यवस्थेत पुत्राचा अभाव हाच राज्याचा अंत ठरला. १८१८ मध्ये विधवेच्या दत्तकास मान्यता देणाऱ्या सत्तेने १८५४ मध्ये तसेच दत्तविधान नाकारले. या विसंगतीमुळे भारतीय संस्थानिकांत जो अविश्वास उत्पन्न झाला, तो १८५७ च्या उठावामागील एक महत्त्वाचे कारण मानला जातो.